घरात काम काढताय? ठेकेदार आणि कारागिरांशी कसं वागावं, कसं बोलावं

ठाण्यातल्या आमच्या घराची न्हाणीघरं पहिल्यांदा फोडली तेव्हा ठेकेदाराचं एक वाक्य मी रोज ऐकायचे: "ताई, काळजी करू नका, करून देतो." काय करून देणार, कितीला, कधीपर्यंत, हे मी विचारलंच नाही. वॉटरप्रूफिंग झाल्यावर गळती तपासायला पाणी भरून ठेवायचं असतं हे मला माहीत नव्हतं आणि त्याला पुढच्या कामावर जायची घाई होती. तीन महिन्यांनी खालच्या काकूंच्या छतावर पिवळा डाग उमटला. नव्या टाइल्स पुन्हा फोडल्या, पैसे पुन्हा गेले, आणि काकूंच्या दारात उभं राहून माफी मागावी लागली.

त्यानंतर दोन घरांची कामं मी स्वतः उभी राहून करून घेतली. एक आमचं हेच, दुसरं सासऱ्यांचं पुण्यातलं. दुसऱ्या खेपेचे कारागीर काही पहिल्यांपेक्षा फार हुशार नव्हते. फरक मी विचारलेल्या प्रश्नांचा होता आणि ते विचारण्याच्या वेळेचा. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच हातोडा पडणार आहे त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहिते आहे.

पायरी १: कुणालाही बोलावण्याआधी यादी करा

वही घ्या आणि खोलीवार लिहा. "किचन नवं करायचं" एवढं पुरत नाही. ओटा कुठल्या दगडाचा, किती लांब, सिंक कोणत्या बाजूला, गॅसची पाइपलाइन हलणार का, मिक्सर, फ्रिज, फिल्टरचे प्लग कुठे, खिडकीखालची टाइल किती उंच? निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे नसतील, हरकत नाही. पण ते प्रश्न तुम्हाला माहीत असले पाहिजेत. नाही तर त्यांची उत्तरं ऐन कामाच्या दिवशी घाईत प्लंबर देईल, आणि त्याला सोयीची देईल.

घरात राहून काम करायचं की बाहेर जायचं, हेही आत्ताच ठरवा. फक्त रंगकाम असेल तर एकेक खोली रिकामी करत निभतं. फरशी आणि न्हाणीघर दोन्ही निघणार असतील आणि घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल, तर दोन महिन्यांचं भाडं परवडतं. ती धूळ बंद कपाटातल्या कपड्यांपर्यंत जाते.

महिना निवडताना कारागिरांचं पंचांगही बघा. दिवाळीच्या आधीचे दोन महिने सगळ्यांनाच घर नवं हवं असतं, त्यामुळे एकच ठेकेदार चार ठिकाणी माणसं फिरवत राहतो. मुंबई-पुण्यातले बरेच सुतार, फरशीवाले, पीओपीवाले उत्तरेकडचे किंवा बंगालचे असतात. होळीला, ईदला, छटपूजेला ते गावी जातात, आणि गेले की पंधरा दिवस तरी येत नाहीत. त्यांना घर आहे, सण आहे. तारखा आधीच विचारून घेतल्या की पुढे चिडचिड होत नाही.

पायरी २: सोसायटीची परवानगी आणि न तोडायच्या गोष्टी

सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या. बहुतेक सोसायट्या अनामत रक्कम घेतात, कामाच्या वेळा आणि दुपारच्या विश्रांतीचे तास ठरवून देतात, रविवारी ठोकाठोक करू देत नाहीत, आणि सामान कोणत्या लिफ्टने न्यायचं ते सांगतात. या नियमांची एक प्रत ठेकेदाराच्या हातात द्या. दंड झाला तर तो कोण भरणार, हेही त्याच वेळी बोला.

राबीट, म्हणजे तोडकामाचा कचरा, गोण्यांत भरून कुठे ठेवायचा आणि टेम्पोचं भाडं कोणाचं, यावरून हमखास वाद होतो. मुंबईत महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' ही सेवा आहे. ठेकेदाराने रात्री नाल्याकाठी गोण्या टाकल्या तर पालिकेचा माणूस पत्ता शोधत तुमच्याच दाराशी येईल. राबीट, वाळू, टाइल्सचे खोके खोलीच्या मधोमध किंवा बाल्कनीत रचू देऊ नका. स्लॅब त्या वजनासाठी नसतो. भिंतीकडेला पसरून ठेवायला सांगा आणि दोन दिवसांआड उचलायला लावा.

आता सर्वांत महत्त्वाचं. कॉलम, बीम आणि स्लॅब यांना हात लावायचा नाही. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरला एक राहती इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप त्या वेळी झाला होता. "बीम जरासा छाटून एसीचा पाइप नेतो" असं कुणी म्हणालं, तर काम तिथेच थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावा. ठेकेदार वीस वर्षांच्या अनुभवाचा दाखला देईल. इमारतीचा भार कुठून कुठे जातो ते त्या अनुभवाने कळत नाही, त्यासाठी नकाशे वाचावे लागतात.

इमारत नवी असेल तर आणखी एक गोष्ट. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याप्रमाणे, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातले दोष बिल्डरने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचे असतात. तुम्ही न्हाणीघर फोडलं की गळतीचं खापर तो तुमच्यावर फोडणार. तोडण्याआधी फोटो काढा, आणि आधीच दोष दिसत असेल तर त्याची तक्रार बिल्डरकडे लेखी नोंदवून मग काम सुरू करा.

पायरी ३: ठेकेदार बघताना चालू काम बघा

झालेल्या घरांचे फोटो सगळ्यांकडे सुंदरच असतात. "आत्ता तुमचं काम कुठे चालू आहे? अर्धा तास बघून येऊ का?" असं विचारा. चालू साइटवर सगळं कळतं. सिमेंटची पोती जमिनीवर ओलीत पडली आहेत की फळीवर, वायरी पाइपातून नेल्या आहेत की तशाच गिलाव्यात दाबल्या आहेत, संध्याकाळी झाडून काढतात का. ठेकेदार मिस्त्रीशी कसा बोलतो तेही बघा. कारागिरांवर ओरडणाऱ्या, त्यांचे पैसे थकवणाऱ्या ठेकेदाराची माणसं टिकत नाहीत, आणि तुमच्या कामाच्या मध्यावर नवी माणसं येतात.

तिघांना तीच यादी द्या आणि तिघांकडून लेखी दर घ्या. एकाने उक्तं काम धरलं, दुसऱ्याने फक्त मजुरी आणि तिसऱ्याने मालासकट, तर तुलना होत नाही. उक्तं म्हणजे सगळं काम ठरलेल्या रकमेत अंगावर देणं. मजुरीचा दर म्हणजे माल तुमचा, हात त्यांचे. रोजंदारी म्हणजे हजेरीप्रमाणे पैसे, आणि त्यात काम लांबलं की खर्च तुमचाच वाढतो. माझं मत असं की पहिल्यांदा काम काढणाऱ्याने मजुरी ठेकेदाराला द्यावी आणि टाइल्स, नळ, प्लायवूड, वायर, रंग हा दिसणारा आणि मोजता येणारा माल स्वतः दुकानातून घ्यावा. सिमेंट, वाळू, चुका (म्हणजे बारीक खिळे) ठेकेदाराकडे राहू द्यावेत. नाही तर रोज सकाळी "ताई, दोन किलो चुका आणा" ऐकावं लागतं.

तिघांत एखादा फारच स्वस्त निघाला तर खूश होण्याआधी यादीतली कोणती ओळ त्याने गाळली आहे ती शोधा.

पायरी ४: कागद

साधा कागद चालतो, मराठीत चालतो. दोघांच्या सह्या हव्यात. कराराची भाषा जड असायची गरज नाही, पण मापं आणि नावं अचूक लागतात.

सुतारकामाचं माप कसं धरणार ते लिहा. कपाट साधारणपणे समोरून, उंची गुणिले रुंदी असं मोजतात. ७ फूट उंच आणि ६ फूट रुंद कपाट म्हणजे ४२ चौरस फूट. वरचा माळा त्याच दरात की वेगळा? आतले ड्रॉवर, चॅनेल, बिजागऱ्या दरात आहेत का? रंगकामात दारं-खिडक्यांचं माप वजा होणार का? भिंत गुळगुळीत करणाऱ्या लांबी-पुट्टीचे किती हात, म्हणजे थर, प्राइमरचे किती, रंगाचे किती? फरशीत स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, रनिंग फुटाने (लांबीवर) वेगळी की आतच? यातला प्रत्येक प्रश्न शेवटच्या बिलात काही हजारांचा असतो.

मालाचं नाव कंपनी आणि प्रतीसकट लिहा. "चांगलं प्लाय" याला काही अर्थ नाही. पाण्याजवळच्या, म्हणजे सिंकखालच्या आणि न्हाणीघरालगतच्या कपाटांसाठी 'आयएस ७१०' शिक्क्याचं, म्हणजे पाण्यात टिकणारं मरीन प्लाय मागा. शिक्क्याजवळ परवाना क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' या अॅपवर घालून खरा आहे का ते घरबसल्या तपासता येतं. ८ बाय ४ चा एक तक्ता म्हणजे ३२ चौरस फूट. तक्ते घरात आले की मोजा, शिक्के बघा आणि मगच माल पोचल्याच्या चलनावर सही करा.

जीएसटीचंही आधीच विचारा. नोंदणी असलेला ठेकेदार अशा कामावर १८ टक्के लावतो. "दर जीएसटीसकट की वरून?" हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारला तर तो साधा प्रश्न असतो, शेवटच्या बिलावर विचारला तर भांडण होतं.

शेवटी तारखा. काम सुरू होण्याची, संपण्याची, आणि मधल्या दोन-तीन टप्प्यांची. उशीर झाला तर आठवड्यामागे काही रक्कम कापायची, असं लिहिता येतं. पण तुमच्या टाइल्स उशिरा आल्यामुळे काम थांबलं तर ते दिवस त्याच्या नावावर घालायचे नाहीत, हेही लिहा. कागद दोघांना बांधणारा असला की ठेकेदार खुशीने सही करतो.

पायरी ५: पैसा कामाच्या मागे चालवा

माझ्या मते सगळ्यात जास्त घरं इथे अडकतात. भीड पडते, माणूस अडचणीत आहे असं वाटतं, आणि काम चाळीस टक्के असताना सत्तर टक्के पैसे जाऊन बसतात. त्यानंतर फोन उचलले जात नाहीत.

समजा मजुरी ४ लाखांची आहे. मी असे टप्पे करते: सुरुवातीला ४० हजार. तोडकाम, नळाच्या आणि विजेच्या लाइनी, वॉटरप्रूफिंग होऊन पाण्याची चाचणी पास झाली की १ लाख. फरशी आणि ओटा बसला की १ लाख. सुतारकाम उभं राहिलं की ८० हजार. रंग आणि फिटिंग झालं की ४० हजार. उरलेले ४० हजार, सगळ्या बारीकसारीक दुरुस्त्या होऊन पंधरा दिवस घर वापरल्यावर. टप्पे तारखांना बांधू नका, कामाला बांधा. "दहा तारखेला १ लाख" असं ठरलं तर दहा तारीख येतेच, काम येतंच असं नाही.

आता दुसरी बाजूही समजून घ्या. ठेकेदाराला दर आठवड्याला आपल्या माणसांना खर्ची द्यावी लागते, म्हणजे जेवणाखाण्यापुरती उचल. मजुरीचा हिशेब महिन्याने होतो, पण खर्ची चुकली तर सोमवारी माणूस येत नाही. म्हणून ठरलेला टप्पा पूर्ण झाला की पैसे त्याच दिवशी द्या. "बघू, उद्या बँकेत जाते" करू नका. मोठा टप्पा लांब असेल तर त्यातलेच थोडे आठवड्याला द्या आणि हिशेबात वजा लिहा. वेळेवर पैसे देणाऱ्या घराला ठेकेदार आपला चांगला मिस्त्री पाठवतो, हे मी दोन्ही कामांत पाहिलं.

पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्या. रोख दिले तर वहीत तारीख, रक्कम आणि सही. एका कामापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे, त्यामुळे "रोख द्या, स्वस्त पडेल" हे त्याच्याही अंगलट येऊ शकतं. कारागिराने परस्पर उचल मागितली तर प्रेमाने नाही म्हणा आणि ठेकेदाराला कळवा. कोणाच्या घरी आजारपण असेल आणि मदत करावीशी वाटली तर जरूर करा, पण ती मदत म्हणून, हिशेबाच्या बाहेर.

पायरी ६: रोजचं वागणं

पहिल्या दिवशी ठेकेदाराला आणि मुख्य मिस्त्रीला एकत्र बसवा, चहा द्या, यादी वाचून दाखवा. घरातून निर्णय एकच माणूस देईल हे तेव्हाच सांगा. आमच्याकडे ती मी होते. सुरुवातीला ठेकेदार मला डावलून "साहेब कधी येतील?" विचारायचा. माझ्या नवऱ्याने दोनदा सांगितलं, "मला विचारू नका, कामाचं सगळं ती बघते." तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. हे पुरुषांनी ठामपणे सांगायला हवं. नाही तर दिवसभर धुळीत उभी राहणारी बाई एक सांगते आणि संध्याकाळी आलेला नवरा दुसरंच, आणि मधल्या मध्ये मिस्त्री भिंत दोनदा फोडतो.

वयाने मोठ्या मिस्त्रीला 'अहो मिस्त्री', 'काका', तरुण मुलांना नावाने किंवा 'दादा'. नावं पहिल्याच दिवशी विचारून घ्या. 'ए' आणि 'तू' नको. प्यायचं पाणी, वापरायला एक संडास, डबा खायला सावलीची जागा आणि दुपारचा चहा एवढं द्याच. माणसाला दहा मजले खाली लघवीला पाठवायचं आणि त्याच्याकडून सुतासारखी सरळ फरशी मागायची, हे मला पटत नाही. टाइल कापताना पाणी सोडून कापायला आणि तोंडाला मास्क बांधायला सांगा, कारण ती धूळ छातीत बसते. बाहेरच्या भिंतीवर किंवा डक्टमध्ये उतरणारा माणूस पट्टा बांधल्याशिवाय उतरणार नाही, हे स्पष्ट सांगा. १४ वर्षांखालचं मूल कामावर आणलेलं दिसलं तर काम थांबवा. कायद्याने तो गुन्हा आहे, आणि घर आपलं आहे.

दिवसातून दोनदा जा. सकाळी कामाला लागताना आणि संध्याकाळी हात धुवायच्या आधी. मधल्या वेळात डोक्यावर उभं राहू नका. कुणी पाठीमागून टक लावून बघत असलं की चांगल्या कारागिराचाही हात अवघडतो. चूक दिसली तर कारागिराला चार लोकांत बोलू नका. ठेकेदाराला बाजूला घेऊन दाखवा. आणि काम आवडलं तर मात्र थेट कारागिराला, सगळ्यांसमोर सांगा. आमच्या फरशीच्या मिस्त्रींना मी "कोपरा किती सुबक जुळवलात" म्हटलं, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी न सांगता बाल्कनीची कडा पुन्हा घासून दिली.

दागिने, कागदपत्रं, रोकड घरातून हलवा किंवा एका खोलीला कुलूप घाला. हा अविश्वास नव्हे. एखादी वस्तू सापडली नाही तर संशय गरीब माणसावर जातो, आणि ती नंतर आपल्याच पिशवीत निघते. किल्ली कोणाकडे असेल ते ठरवा. काम करणाऱ्यांची नावं वॉचमनकडे लिहून द्या.

वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरी तुम्ही स्वतः जाऊन सांगा: इतके दिवस आवाज होईल, परीक्षा किंवा आजारपण असेल तर कळवा. ठेकेदाराला पाठवू नका.

पायरी ७: झाकलं जाण्याआधी बघा

गिलावा आणि टाइल्सच्या आड जे जातं ते पुन्हा दिसत नाही. म्हणून "मला दाखवल्याशिवाय झाकायचं नाही" हे वाक्य कागदावरही लिहा आणि रोज बोला.

विजेचं काम: वायरमनला परवाना आहे का विचारा. भिंतीला झिरी मारून पाइप बसवले की प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे खिळा ठोकताना हेच फोटो कामी येतात. दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर जाडीची वायर, प्लगांना २.५, गिझर आणि एसीला साधारण ४ ची स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी, म्हणजे जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच, असतो. अर्थिंगची वायर प्रत्येक बोर्डापर्यंत पोचली आहे का बघा. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवूनच घ्या. विजेचा गळका प्रवाह कळताच तो पुरवठा तोडतो.

नळाचं काम: गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा प्लास्टिकचा पाइप. लाइन पूर्ण झाली की टोकं बंद करून हातपंपाने दाब देतात आणि काट्याकडे बघत काही तास ठेवतात. काटा उतरला तर सांधा कुठेतरी गळतो आहे. टाइल्स लागण्याआधी हे झालंच पाहिजे.

आणि वॉटरप्रूफिंग. यावर मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण सगळ्यात महाग धडा तिथलाच होता. जुनी फरशी आणि भर काढून स्लॅब स्वच्छ झाला की आधी भेगा आणि पाइपांच्या कडा भरतात, मग कोटिंगचे हात, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे सिमेंटात बसवलेला थर. प्रत्येक थराला वाळायला किंवा सिमेंट असेल तिथे पाणी मारून मुरायला दिवस लागतात. हे दिवस वेळापत्रकात आधीच धरा. नंतर नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालचं, तोंड घट्ट बंद करून दोन-तीन इंच पाणी भरा आणि भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलने खूण करा. किमान २४ तास, शक्यतो ४८ ते ७२ तास तसंच ठेवा. थोडं पाणी आटतं, मुरतं. पण पातळी ठळक उतरली किंवा खालच्या घराच्या छताला ओल आली, तर थर पुन्हा करायचा. खालच्या घरात जाऊन स्वतः बघा. मी दुसऱ्या खेपेला काकूंच्या न्हाणीघरात सकाळ-संध्याकाळ तीन दिवस टॉर्च घेऊन जात होते, आणि त्या स्टूल धरून उभ्या राहायच्या. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे नमुना नियमांप्रमाणे) संडास, सिंक अशा घराच्या आतल्या गळतीचा खर्च त्या घराच्या मालकाचा असतो, सोसायटीचा नाही. म्हणून या चाचणीत "ताई, दोन दिवस वाया जातील" हे ऐकायचं नाही.

टाइल्स बसल्या की नाण्याने किंवा काठीने एकेक वाजवा. पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही. खडूने फुली मारा, आणि ग्राउटिंगच्या, म्हणजे टाइल्समधल्या फटी भरण्याच्या, आधी त्या बदलून घ्या. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून ढाळ बघा. पाणी ट्रॅपकडे गेलं पाहिजे, उंबऱ्याकडे नाही.

पायरी ८: मधेच बदल, जादा काम

काम सुरू झाल्यावर मन बदलतं. इथे एक कोनाडा, तिथे अजून एक प्लग. तोंडी सांगितलेलं प्रत्येक "एवढं करून द्या ना" शेवटी 'एक्स्ट्रा' म्हणून बिलात येतं, आणि येणं रास्तही आहे, कारण हात चालले आहेत. उपाय सोपा: बदल सांगायचा, दर विचारायचा, व्हॉट्सअॅपवर तेच लिहायचं. "हॉलमध्ये टीव्हीच्या मागे २ जादा पॉइंट, ठरलेले रुपये अमुक, काम दोन दिवसांनी लांबेल. बरोबर?" त्याचं "हो ताई" आलं की मग हातोडा. जुनी भिंत उघडल्यावर आतला पाइप सडलेला निघतो, तेही एक्स्ट्राच. अशा अचानक गोष्टींसाठी एकूण खर्चाच्या दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवून मगच काम काढा.

पायरी ९: काम रखडलं किंवा बिघडलं तर

दोन दिवस माणसं आली नाहीत तर लगेच ओरडू नका. पण गप्पही बसू नका. "दादा, सोमवार आणि मंगळवार कोणी आलं नाही. गुरुवारी फरशीवाले येणार का? येणार नसतील तर नक्की तारीख सांगा, मला सोसायटीला कळवायचं आहे." असा निरोप लेखी द्या. "तुम्ही नेहमी असंच करता" या बोलण्याने माणूस बचावात जातो. तारीख, काम आणि पुढचा प्रश्न एवढंच ठेवलं की उत्तर मिळतं.

काम वाकडं झालं असेल तर ओळंबा (उभी रेघ बघायला), गुण्या (काटकोन बघायला) आणि लेव्हल (सपाटी बघायला) त्याच्याच हातात देऊन त्यालाच मोजायला सांगा. "मला वाकडं दिसतंय" यावर वाद होतो. लेव्हलच्या बुडबुड्याशी वाद होत नाही.

तरीही ऐकलं नाही, तर पुढचा टप्पा रोखा आणि का रोखला ते लिहून कळवा. पैसे घेऊन काम सोडून गेला तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतल्या त्रुटीची तक्रार करता येते. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येतं, ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, आणि तक्रार २ वर्षांच्या आत करायची असते. तिथे उपयोगी पडतो तो सह्यांचा कागद, बँकेतल्या नोंदी आणि तारखांचे फोटो. म्हणून ते पहिल्या दिवसापासून जमवायचे.

गावचं घर दुरुस्त करून घेणाऱ्या मुंबईकरांना आणि परदेशी राहणाऱ्यांना एक सांगते. वाळू, खडी ब्रासवर येते, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडी रिकामी होण्याआधी हौद्याची लांबी, रुंदी, उंची मोजणारं आपलं माणूस तिथे हवं. व्हिडिओ कॉलवर ढीग बघून काही कळत नाही.

पायरी १०: ताबा घेताना

रंगाचा शेवटचा हात झाला की दिवसाउजेडी वही घेऊन खोलीवार फिरा, सोबत ठेकेदार. प्रत्येक दार उघडा-मिटा, प्रत्येक नळ सोडा, प्रत्येक प्लगात मोबाइलचा चार्जर लावून बघा, फ्लश ओढा, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. जे बाकी आहे त्याची एकच यादी करा आणि तिच्यावर तारीख घाला. रोज एक नवी तक्रार सांगत बसलात तर सुताराला एका बिजागरीसाठी पाच वेळा यावं लागतं, आणि सहाव्यांदा तो येत नाही.

शेवटच्या पैशांआधी घ्यायच्या गोष्टी: गिझर, नळ, वॉटरप्रूफिंग यांची वॉरंटी कागदावर, दुकानांची बिलं, सगळ्या किल्ल्या, सोसायटीची अनामत परत मिळण्यासाठी राबीट पूर्ण उचलल्याचा फोटो. उरलेला रंग छोट्या डब्यात भरून त्यावर शेडचा क्रमांक लिहा. टाइल्स मुळातच पाच-दहा टक्के जास्त घ्यायच्या असतात, कारण त्याच बॅचची तीच छटा नंतर मिळत नाही. आमच्या माळ्यावर अशा टाइल्सचे दोन खोके आहेत, वर खोलीचं नाव आणि बॅचचा क्रमांक लिहिलेला. त्यांच्याच शेजारी भिंतींच्या फोटोंचं पाकीट आणि फरशीच्या मिस्त्रींचा नंबर आहे. गेल्या पावसाळ्यात खालच्या काकूंनी आपलं न्हाणीघर करायला काढलं, तेव्हा तो नंबर त्यांना मीच दिला.